रक्ताला मोजमाप देणारे गुरू : डॉ. मॅक्सवेल विंट्रोब

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की बहुतेक जण हिमोग्लोबिनचा आकडा पाहतात आणि कागद घडी घालून ठेवून देतात. त्याच अहवालात थोडे खाली एमसीव्ही, एमसीएच, एमसीएचसी अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ रुग्ण सहसा विचारत नाही, पण डॉक्टर मात्र ती आवर्जून पाहतात. हे तीन आकडे वैद्यकाला दिले डॉ. मॅक्सवेल विंट्रोब यांनी. त्यांच्या नावाची काचेची नळी आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी हाताळली आहे. या नळीइतकेच त्यांचे दुसरे कामही मोठे आहे. रक्ताचे विकार आणि कर्करोग यांवर उपचार करणारा विशेषज्ञ घडवायचा कसा, याची घडी ज्या थोड्या लोकांनी बसवली, त्यांत विंट्रोब यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

विंट्रोब यांचा जन्म १९०१ साली कॅनडातील हॅलिफॅक्स येथे एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. विनिपेग येथील मॅनिटोबा विद्यापीठातून १९२६ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवून दिले, की ‘पर्निशस अ‍ॅनिमिया’ हा तोवर प्राणघातक असलेला पंडुरोग रोज भरपूर यकृत खायला दिल्याने आटोक्यात येतो. या शोधाने एक नवीच अडचण उभी केली. एका प्रकारच्या पंडुरोगाला यकृत हवे आणि दुसऱ्याला लोह, तर समोरच्या रुग्णाचा पंडुरोग कोणता हे ओळखायचे कसे? रुग्ण फिकट दिसतो एवढ्यावर आता भागणार नव्हते.

१९२७ मध्ये विंट्रोब न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात गेले. निरोगी माणसाचे रक्त कसे असते याविषयी पुस्तकांत छापलेले आकडे फार जुन्या आणि मोजक्या लोकांच्या मोजणीवरून आलेले होते. विंट्रोब यांनी निरोगी तरुण-तरुणींचे रक्त स्वतः मोजायला घेतले. त्यासाठी त्यांनी सुमारे अकरा सेंटिमीटर लांबीची, सपाट तळाची, बाजूला आकडे कोरलेली बारीक नळी तयार केली. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळायचे, नळी भरायची आणि यंत्रात गरगर फिरवायची. तांबड्या पेशी तळाशी घट्ट बसतात आणि त्यांनी नळीचा किती भाग व्यापला ते थेट वाचता येते. हाच हीमॅटोक्रिट. ही पद्धत १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. समजा, दोन रुग्णांचा हीमॅटोक्रिट सारखाच, म्हणजे ३० टक्के आहे. पहिल्याच्या एका घन मिलिमीटर रक्तात ५० लाख तांबड्या पेशी आहेत, तर दुसऱ्याच्या रक्तात २५ लाख. जागा तेवढीच आणि पेशी निम्म्या, म्हणजे दुसऱ्याची प्रत्येक पेशी पहिल्याच्या दुप्पट मोठी. पहिल्याचा एमसीव्ही ६० येतो आणि दुसऱ्याचा १२०. निरोगी माणसात तो साधारण ८० ते १०० असतो. पेशी लहान असतील तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा विचार करायचा. मोठ्या असतील तर ब-१२ किंवा फॉलिक आम्लाच्या कमतरतेचा. पेशींचा आकार आणि त्यांतले हिमोग्लोबिन यांवरून विंट्रोब यांनी पंडुरोगाचे जे वर्गीकरण केले, ते आजही शिकवले जाते.

१९३० मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दाखल झाले आणि तेथे तेरा वर्षे राहिले. आहारातील कोणत्या घटकाअभावी रक्त तयार होणे अडते हे पाहण्यासाठी त्यांनी डुकरे पाळून प्रयोग केले. १९४० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह इटालियन वंशाच्या कुटुंबांतील एका सौम्य, आनुवंशिक रक्तविकाराचे वर्णन केले. आज आपण ज्यांना थॅलेसेमियाचे वाहक म्हणतो, तीच ही माणसे. १९४२ मध्ये त्यांचा ‘क्लिनिकल हिमॅटॉलॉजी’ हा ग्रंथ आला. पहिल्या सहा आवृत्त्या त्यांनी एकट्याने लिहिल्या.

१९४३ मध्ये त्यांनी बाल्टिमोर सोडले आणि सॉल्ट लेक सिटीतील यूटा विद्यापीठात मेडिसिन विभागाचे प्रमुखपद स्वीकारले. तेथील वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा नुकतेच पूर्ण अभ्यासक्रमाचे होऊ लागले होते. नाव मोठे असलेली संस्था सोडून असे नव्याने उभारणी असलेले ठिकाण पत्करण्यात धोका होता. परंतु तेथे विभाग आपल्या पद्धतीने बांधता येणार होता.

युद्धकाळात येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी मस्टर्ड वायूशी नाते असलेल्या ‘नायट्रोजन मस्टर्ड’ या रसायनाची कर्करोगावर गुप्तपणे चाचणी घेतली होती. गुडमन पुढे यूटाला आले आणि विंट्रोब यांनी तेथील रुग्णांना हे औषध दिले. गुप्ततेचे बंधन उठल्यावर १९४६ मध्ये या दोघांनी, बोस्टनचे विल्यम डेमशेक आणि इतरांसह, ६७ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हॉजकिन्स आजाराच्या काही रुग्णांच्या गाठी झपाट्याने वितळल्या. काही काळाने त्या परतल्या, पण औषधाने कर्करोग मागे हटू शकतो हे दिसले.

त्याच वेळी दुसरी गोष्टही दिसली. औषध गाठींबरोबर अस्थिमज्जेवरही घाव घालत होते. पांढऱ्या पेशी घटल्या की जंतुसंसर्गाचे भय आणि बिंबिका घटल्या की रक्तस्रावाचे. मात्रा थोडी चुकली तर रुग्ण आजाराआधी औषधानेच जायचा. म्हणून हे औषध अशाच डॉक्टरच्या हाती सुरक्षित होते, ज्याला रक्त वाचता येते. रक्तविकार आणि कर्करोगाची औषधे एकाच विशेषज्ञाकडे आली, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

असा डॉक्टर व्याख्याने ऐकून तयार होत नाही. त्याने रुग्णाची हकीकत सविस्तर घ्यावी, रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावा, प्रयोगशाळेत एखादा प्रश्न तडीस न्यावा आणि जे सापडले ते नेमके लिहावे, अशी विंट्रोब यांची शिस्त होती. गुरू म्हणून ते कडक होते. युद्धानंतर अमेरिकी सरकारने संशोधन आणि प्रशिक्षणासाठी अनुदाने सुरू केली, तेव्हा अगदी सुरुवातीच्या अनुदानांपैकी एक यूटाला मिळाले. तरुण डॉक्टर फेलो म्हणून तेथे येऊ लागले. शिकून गेलेल्यांतले अनेक पुढे इतरत्र प्राध्यापक झाले आणि त्यांनी स्वतःचे फेलो घडवले.

या शिस्तीचे मोल १९५२ मध्ये दिसून आले. क्लोरॅम्फेनिकॉल हे तेव्हाचे नवे, गुणकारी प्रतिजैविक. आपल्याकडे तर विषमज्वरावर ते कितीतरी वर्षे मुख्य औषध होते. पण हजारोंत एखाद्या रुग्णाची अस्थिमज्जा त्याने कायमची बंद पडत असे. अशा मृत्यूंबाबत लवकर सावध करणाऱ्यांत विंट्रोब, त्यांचे सहकारी जॉर्ज कार्टराइट आणि त्यांचा गट होता. इतका विरळ दुष्परिणाम हाती लागतो तो एकेका रुग्णाचा माग चिकाटीने काढला तरच.

१९६७ मध्ये विंट्रोब विभागप्रमुखपदावरून पायउतार झाले. अमेरिकेत हिमॅटॉलॉजीची स्वतंत्र पात्रता परीक्षा १९७२ मध्ये आणि मेडिकल ऑन्कोलॉजीची १९७३ मध्ये सुरू झाली. तेथे आज दोन्ही विषयांची एकत्र फेलोशिप साधारण तीन वर्षांची असते. आपल्याकडे एमडीनंतर डीएमची तीन वर्षे लागतात आणि हे दोन अभ्यासक्रम वेगळे आहेत. एवढी वर्षे कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थ्यांना आणि कधी सरकारलाही पडतो. केमोथेरपीची पुढची मात्रा आज द्यायची की पेशी वाढेपर्यंत थांबायचे, हा निर्णय आजही रक्ताचा अहवाल आणि समोरचा रुग्ण दोन्ही पाहून घ्यावा लागतो. असे शेकडो निर्णय अनुभवी डॉक्टरच्या नजरेखाली घेतल्यावरच हात बसतो.

१९७४ मध्ये विंट्रोब यांच्या ग्रंथाची सातवी आवृत्ती निघाली, तेव्हा मुखपृष्ठावर त्यांच्याबरोबर त्यांच्या विभागात तयार झालेल्या सहकाऱ्यांची नावे होती. डिसेंबर १९८६ मध्ये सॉल्ट लेक सिटीत विंट्रोब यांचे निधन झाले. ग्रंथाच्या आवृत्त्या त्यांच्या नावाने पुढेही निघत राहिल्या. लिहिणारे हात मात्र पुढच्या पिढ्यांचे होते.