पिसांच्या कोटाचा केमिस्ट : जॉर्ज फिंच

डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळला मुक्कामी ट्रेक काढायचा म्हटलं की होस्टेलमध्ये पहिला प्रश्न निघतो : पांघरायला काय न्यायचं? सातपुड्याची थंडी आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. तोरणमाळ, डाब या भागात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो. मग कोणीतरी स्वस्तातली पिसांची स्लीपिंग बॅग आणतो, बाकीचे हसतात आणि पहाटे तीनला सगळेच कुडकुडतात. अशीच थट्टा शंभर वर्षांपूर्वी एव्हरेस्टवर एका केमिस्टच्या वाट्याला आली होती. त्याचं नाव जॉर्ज इंगल फिंच. विशेष म्हणजे हा माणूस पुढे आपल्या पुण्यात पाच वर्षे राहिला.

फिंचचा जन्म ४ ऑगस्ट १८८८ रोजी ऑस्ट्रेलियात, न्यू साऊथ वेल्समधल्या ऑरेंज गावाजवळ झाला. लहान वयातच तो कुटुंबाबरोबर युरोपात आला. आधी पॅरिसला डॉक्टरकी करून पाहिली, पण मन रमलं नाही. मग झुरिचच्या प्रसिद्ध टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आइनस्टाइन शिकला तीच संस्था) त्याने रसायनशास्त्र घेतलं. आठवडाभर प्रयोगशाळा आणि सुट्टी लागली की आल्प्स. गाइड न घेता अवघड शिखरं चढणारा म्हणून त्याचं नाव झालं. पुढे तो लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शिकवायला लागला. पहिल्या महायुद्धात सैन्यातही होता.

१९२१ मध्ये ब्रिटिशांची पहिली एव्हरेस्ट मोहीम निघाली. फिंचची निवड जवळजवळ पक्की होती, पण ऐनवेळी मेडिकल टेस्टचं कारण देऊन त्याला वगळलं. त्या काळचे ब्रिटिश गिर्यारोहक बहुतेक ऑक्सफर्ड-केंब्रिजवाले. फिंच वसाहतीतून आलेला, परदेशात शिकलेला आणि तोंडावर बोलणारा. तो त्यांच्यात कधीच मिसळला नाही. १९२२ च्या मोहिमेत मात्र त्याला घेणं भाग पडलं, कारण ऑक्सिजनचं यंत्र समजणारा माणूस हवा होता.

बाकीची मंडळी लोकरीचे स्वेटर, ट्वीडचे कोट आणि गळपट्टे घेऊन निघाली. फिंचने वेगळा विचार केला. त्याने बलूनसाठी वापरतात ते हलकं, वारा न शिरणारं कापड घेतलं, त्यात आयडर बदकाची मऊ पिसं भरून रजईसारखा कोट बनवून घेतला. सगळे हसले. पण वर बर्फाळ वारा सुटला तेव्हा हसणारेच त्या कोटाकडे हेव्याने बघू लागले. आज आपण ज्याला डाऊन जॅकेट म्हणतो, त्याचा हा पूर्वज.

यामागचं सायन्स सोपं आहे. पिसं स्वतः गरम नसतात. ती फुगतात, त्यांच्यात हवा अडकते आणि अडकलेली, न हलणारी हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपल्या खान्देशात गादी दबली की पिंजाऱ्याकडे कापूस पिंजायला देतात, तेच तत्त्व. जितकं फुगणं जास्त, तितकी ऊब जास्त. पिसांचं फुगणं मोजायला फिल पॉवर नावाचा आकडा असतो : एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं किती घनइंच जागा व्यापतात तो.

आता मे १९२२. फिंच, तरुण अधिकारी जेफ्री ब्रूस आणि गुरखा सैनिक तेजबीर बुरा यांनी सुमारे ७,७७० मीटरवर तंबू ठोकला. ब्रूसला गिर्यारोहणाचा अनुभव जवळपास नव्हताच. रात्री वादळ आलं. तंबू उडू नये म्हणून तिघांनी तो आतून धरून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तिथंच अडकून पडले. खायला संपत आलं, हातपाय बधिर होत चालले. तेव्हा फिंचने नळ्या जोडून तिघांना रात्रभर थोडा थोडा ऑक्सिजन दिला. अंगात ऊब आली, झोप लागली. शरीराला उष्णता तयार करायलाही ऑक्सिजन लागतो, पांघरूण ती फक्त राखून ठेवतं, हे केमिस्टला माहीत होतं.

२७ मे रोजी सकाळी ते निघाले. प्रत्येक ऑक्सिजन सेट चौदा-पंधरा किलोचा. तेजबीर दमून मागे फिरला. बाकी दोघे सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोहोचले, तोपर्यंत इतक्या उंचीवर कोणीच गेलं नव्हतं. तिथे ब्रूसच्या सेटमधली काचेची नळी फुटली. फिंचने स्वतःचा ऑक्सिजन त्याला देत देत बिघाड दुरुस्त केला. पण ब्रूसची अवस्था बघून त्याने ठरवलं, परत फिरायचं. पुढे गेलो तर हा जिवंत उतरणार नाही, हा त्याचा हिशोब. शिखर समोर दिसत असताना असा निर्णय घ्यायला काय लागत असेल, विचार करा. ब्रूसचे पाय हिमदंशाने दुखावले, पण तो वाचला.

बक्षीस काय मिळालं? व्याख्यानांच्या पैशांवरून कमिटीशी वाद झाला आणि १९२४ च्या मोहिमेतून फिंच बाहेर. त्याच मोहिमेत मॅलरी आणि अर्विन गेले ते परत आलेच नाहीत.

फिंच रडत बसला नाही. इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनवर काम करून १९३८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १९४४ मध्ये ह्यूज मेडल मिळालं. १९५२ मध्ये तो पुण्याच्या नॅशनल केमिकल लॅबोरेटरीचा डायरेक्टर म्हणून आला आणि १९५७ पर्यंत राहिला. म्हणजे २९ मे १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी ऑक्सिजन लावून शिखरावर पोहोचले, तेव्हा फिंच महाराष्ट्रात होता! त्या मोहिमेकडे पिसांचे कपडेही होते. नंतर तो लंडनच्या अल्पाइन क्लबचा अध्यक्ष झाला. २२ नोव्हेंबर १९७० रोजी तो वारला. आमच्या शाळेत हिलरी-तेनसिंग पाठ करून घेतले, फिंच कुठल्याच धड्यात नव्हता.

मित्रांनो, त्याच्या कोटाचं तत्त्व आपल्या स्वस्त बॅगेलाही लागू पडतं. अंगाखाली पिसं दबली की ऊब संपली, म्हणून खाली मॅट किंवा घरची गोधडी हवीच. स्वस्त बॅगेत शिलाई आरपार असते, तिथून थंडी शिरते. आत सुती चादरीचं अस्तर आणि वरून पातळ ब्लँकेट घातलं की बराच फरक पडतो. चेनच्या कडेने जुन्या फ्लीसची गुंडाळी शिवा, मानेशी मफलर गुंडाळा. कप्पे रिकामे वाटले तर हलक्या हाताने झटकून पिसं सारखी करा. तरी नाही भागलं तर आतली शिवण थोडी उसवून जुन्या जॅकेटची पिसं भरा. तोंड आत घालून झोपू नका, श्वासाची ओल पिसांना मारते. सकाळी बॅग वाळवा आणि होस्टेलवर पिशवीत कोंबून न ठेवता मोकळी टांगा. पावसाळी ट्रेकला मात्र सिंथेटिकच बरी.

ब्रँड नसलेल्या वस्तूला आणि ग्रुपमध्ये न बसणाऱ्या माणसाला हसणं सोपं असतं. फिंचकडे थंडी आणि हवा यांचा पक्का हिशोब होता, आणि डोंगरावर तोच कामाला आला. इंजिनिअर होणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.