उसनवारीतला विद्यार्थी भीमराव

भंडारा जिल्ह्यात बाबासाहेबांचा विषय निघाला की १९५४ ची पोटनिवडणूक आठवते. आपल्या जिल्ह्यात बाबासाहेब हरले, हे शल्य जुन्या पिढीने अखेरपर्यंत उराशी बाळगले. ते साहजिक आहे. पण पवनी, लाखनी, तुमसरकडची आपली मुले परदेशातल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात घेऊन पैशासाठी दारोदार फिरतात, तेव्हा त्यांना सांगावा तो वेगळाच भीमराव. कर्ज काढणारा, पै-पै जमवणारा, शिष्यवृत्ती संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परतलेला.

केळुसकर गुरुजींच्या शब्दाखातर सयाजीराव महाराजांनी भीमरावांना कॉलेजसाठी महिना २५ रुपये दिले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला : परदेशी शिक्षणाचा खर्च संस्थानाचा, परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. महिना साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कला राहायचे, पुस्तके घ्यायची आणि त्यातूनच घरीही पाठवायचे. कोलंबियात १९१५ ला एम.ए. झाले. १९१६ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. पुढच्या वर्षी अभ्यास टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा तेवढी पदरात होती. पुस्तकांचे सामान ज्या बोटीत होते ती पाणतीराने बुडाली. भरपाईचे ६०० रुपये मिळाले, त्यावर बडोद्याला गेले. तिथल्या पारशी धर्मशाळेत काय झाले ते आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

बडोद्याचा प्रसंग सांगून आपले वक्ते थेट गोलमेज परिषदेत पोहोचतात. मधली तीन वर्षे कुणी सांगत नाही. खरी गोष्ट तिथे आहे, बांधवांनो. मुंबईत शिकवण्या केल्या. शेअर्सचा सल्ला देण्याचा धंदा काढला. जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांची प्राध्यापकी मिळाली. त्या काळात हा पगार बंगल्यात राहण्याचा! हे राहिले परळच्या चाळीत, दोन खोल्यांत. रमाईने काटकसरीत घर चालवले, कारण लंडनचे पैसे त्या पगारातूनच उरवायचे होते. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली, तरी शिल्लक पुरेना. शाहू महाराजांनी १५०० रुपये दिले. नवल भथेना या मित्राकडून ५००० कर्ज घेतले. बडोद्यात काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि हे पाच हजार देणाराही पारशीच, हे आपण सांगायला हवे. जुलै १९२० ला ते पुन्हा लंडनला निघाले.

तिथे फी एका गिनीने वाढलेली. सकाळी घरमालकिणीचा तुटपुंजा नाश्ता, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री भूक लागली की भाजलेला पापड.

आज शाहू महाराजांच्याच नावाने राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे. साऱ्या महाराष्ट्रासाठी ७५ जागा! उरलेल्यांनी कुठे जायचे? बँकेत जावे तर साडेसात लाखांच्या वर तारण लागते, आणि धानाची शेती तारण म्हणून बहुतेक बँका धरत नाहीत. आईबापाजवळ दुसरे असते काय? जयंतीच्या डीजेसाठी मात्र आपल्या गावागावांत पावतीपुस्तके फाटेपर्यंत वर्गणी होते. त्यातली एक पावती तरी या पोरांच्या नावाने फाडायला कुणाची हरकत आहे? भथेनांनी दिले तसे उसने द्या, फुकट नको. नोकरी लागल्यावर पोरगा परत करील, आणि तेच पैसे मागच्याला मिळतील.

भीमराव १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध विद्यापीठाला देऊन ते जर्मनीत बॉनला गेले. परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहायला सांगितला आणि जवळचे पैसे तर संपत आलेले. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतले, इथे बसून दुरुस्त्या करून प्रबंध लंडनला धाडला. डी.एस्सी. त्याच वर्षाअखेर मिळाली. त्याआधी वकिली सुरू करायची होती, पण सनद घ्यायला पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले.