मायकेल फॅरेडे

मायकेल फॅरेडे (२२ सप्टेंबर १७९१ – २५ ऑगस्ट १८६७) हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या शोधामुळे ते सर्वपरिचित आहेत. चुंबकीय क्षेत्राचा प्रकाशावर परिणाम होतो, हेही प्रयोगाने प्रथम त्यांनीच दाखविले. अर्धसंवाहक, अतिसूक्ष्म कण आणि बाह्य क्षेत्रातील प्रकाश हे नॅनोविज्ञानात आज एकत्र आलेले तिन्ही विषय त्यांनी स्वतंत्रपणे हाताळले होते.

पूर्वायुष्य

फॅरेडे यांचा जन्म लंडनजवळील न्यूइंग्टन येथे एका लोहाराच्या घरी झाला. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम झाले. वयाच्या १४व्या वर्षी ते एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीस राहिले. बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचता वाचता त्यांना विज्ञानाची गोडी लागली. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे काढली व ती बांधून डेव्ही यांना पाठविली. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायक म्हणून त्यांची नेमणूक झाली. उच्च गणिताचे शिक्षण नसल्यामुळे त्यांची सारी भिस्त प्रयोगांवर राहिली.

संशोधन

१८३१ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. तापविल्यावर धातूंची विद्युतसंवाहकता घटते. सिल्व्हर सल्फाइडची मात्र वाढते, असे त्यांना १८३३ मध्ये आढळले. अर्धसंवाहकाच्या वर्तनाची ही पहिली नोंद मानली जाते.

विद्युत क्षेत्राने प्रकाशात बदल घडविण्याचे त्यांचे प्रयत्न निष्फळ ठरले. त्यानंतर १३ सप्टेंबर १८४५ रोजी त्यांनी पूर्वी स्वतः तयार केलेल्या शिसेयुक्त जड काचेचा तुकडा विद्युतचुंबकाजवळ ठेवला. त्यातून चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचे ध्रुवण प्रतल फिरले. यास फॅरेडे परिणाम म्हणतात.

१८५७ मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे द्रवाला माणकासारखा लाल रंग येतो, हे त्यांनी मांडले. १८६२ मध्ये, वार्धक्य व स्मृतिदौर्बल्य असतानाही, चुंबकामुळे ज्योतीच्या वर्णरेषा बदलतात का हे त्यांनी तपासले. पण उपकरणे अपुरी असल्याने काहीच दिसले नाही.

वारसा

फॅरेडे यांना अपयश आलेले दोन्ही प्रयोग पुढे यशस्वी झाले. १८७५ मध्ये जॉन केर यांनी विद्युत क्षेत्राचा प्रकाशावरील परिणाम दाखविला. फॅरेडे यांच्या १८६२ च्या प्रयत्नाविषयी वाचून पीटर झेमान यांनी तो प्रयोग पुन्हा केला आणि १८९६ मध्ये चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा रुंदावल्याचे त्यांना दिसले.

काही नॅनोमीटर जाडीच्या अर्धसंवाहक थरातही हेच घडते. विद्युत क्षेत्र लावल्यास इलेक्ट्रॉन व त्याची रिक्त जागा विरुद्ध बाजूंना ओढली जातात आणि शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते. प्रकाशतंतूंतून संदेश पाठविणाऱ्या उपकरणांत या गुणधर्माचा उपयोग होतो.

प्रवर्तनाचा उपयोग तर अगदी परिचयाचा आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुविद्युत केंद्राची जनित्रे आणि सफाळे स्थानकावरून धावणाऱ्या लोकलगाड्यांतील रोहित्रे याच तत्त्वावर चालतात.