टॉमस हंट मॉर्गन

पिकलेल्या केळ्यांभोंवतीं घोंघावणाऱ्या चिलटांकडे आपण सहसा लक्ष देत नाहीं. परंतु त्यांच्याच निरीक्षणांत एका थोर शास्त्रज्ञानें आयुष्याचीं अनेक वर्षें वेंचलीं.

टॉमस हंट मॉर्गन यांचा जन्म ता. २५ सप्टेंबर १८६६ रोजीं अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत लेक्सिंग्टन येथें झाला. बाळपणीं रानांत हिंडून पक्ष्यांचीं अंडीं गोळा करण्याचा त्यांना मोठा नाद. पुढें १८९० सालीं सागरी कोळ्यांच्या गर्भवाढीवर निबंध लिहून त्यांनीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. एका इवल्याशा अंड्यांतून डोकें, पाय, पंख असा सारा देह कसा घडतो, हा प्रश्न त्यांच्या मनांत घर करून राहिला.

१९०४ सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत प्राध्यापक झाले. गुणसूत्रें हींच आनुवंशिक गुणांचीं वाहक होत, हें मत तेव्हां त्यांस मान्य नव्हतें; त्यांनीं त्यावर उघड टीकाहि केली होती. परंतु १९१० सालीं, दुधाच्या बाटल्यांत पाळलेल्या लाल डोळ्यांच्या चिलटांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. लाल डोळ्यांच्या माद्यांपासून झालेली त्याची संतति त्यांनीं मोजली. नातवंडांच्या पिढींत पांढरे डोळे केवळ नरांतच उतरले! हा गुण लिंगनिश्चिति करणाऱ्या गुणसूत्राशींच निगडित होता. पुरावा समोर येतांच मॉर्गन यांनीं आपला आग्रह सोडला व ज्या मताला विरोध केला होता, त्याचेच ते आधारस्तंभ झाले.

१९३३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्या रकमेंतून त्यांनीं ब्रिजेस व स्टर्टेव्हंट या सहकाऱ्यांच्या मुलांनाहि वांटा दिला. ता. ४ डिसेंबर १९४५ रोजीं पॅसाडेना येथें त्यांचा अंत झाला.

गर्भाचें मूळ कोडें मात्र त्यांच्या हयातींत सुटलें नाहीं. चिलटाचें अंडें जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. त्यांतील केंद्रक, मध्यें भिंती न उभारतां, तेरा वेळां दुभंगतें. सुमारें तीन तासांत कांहीं हजार पेशी तयार होतात आणि एका दिवसांत अळी बाहेर पडते. डोकें कोठें व शेपूट कोठें, हें ठरविणारीं जनुकें शोधल्याबद्दल लुईस, न्यूसलाइन-फोलहार्ड व विशाउस यांस १९९५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. यांपैकीं लुईस हे स्टर्टेव्हंट यांचे शिष्य, आणि स्टर्टेव्हंट मॉर्गन यांचे!

विद्यार्थिमित्रहो, आपल्या मतापेक्षां सत्य मोठें मानणाऱ्या गुरूचा अपुरा प्रश्न त्याच्या शिष्याच्या शिष्यानें पुढें नेला. विद्येचा वारसा असाच चालतो.