शाळेच्या मापात न मावलेले माणिक

मानसशास्त्राच्या तासाला शिकलो : तीच चाचणी पुन्हा घेतली तरी गुण जवळपास तेच येतात, ती विश्वसनीय, जे मोजायचे तेच मोजते, ती सप्रमाण. पहिला गुण असून दुसरा नसू शकतो. तेव्हा मला गुरुकुंज मोझरी आठवली.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे गरीब घरात माणिक बंडोजी इंगळे जन्मले. शाळा लवकरच सुटली, ओढ भजनाची. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या हे नाव दिले. खंजिरी घेऊन ते गावोगाव फिरले. १९३५ साली त्यांनी मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापला. १९४२ च्या लढ्यात तुरुंगवास भोगला. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेस गेले. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत त्यांनी अवघे गाव मांडले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीतच देह ठेवला. ज्यांची शाळा सुटली, त्यांचेच नाव २००५ साली नागपूर विद्यापीठाला मिळाले!

लहानग्या माणिकची परीक्षा पुन्हापुन्हा घेतली असती, तरी गुण बहुधा कमीच आले असते. परीक्षा विश्वसनीय ठरली असती. पण माणसे जोडण्याची त्यांची शक्ती तिला दिसली नसती. म्हणून परीक्षा खोटी नव्हे. तिने वाचन-गणित मोजावे, माणसाची किंमत ठरवू नये.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गेल्या वर्षी एका विषयात नापास झालो, तेव्हा शिक्षण आपल्या नशिबी नाही असे बाबांनी ठरवून टाकले होते. यंदा त्यांना घेऊन मोझरीला जाणार आहे.