डॉक्टर मेरी वर्गीस : चाकांच्या खुर्चीतील शस्त्रवैद्य

दिवाळे गावासारख्या खाडीकाठच्या वस्तीत राहणारांस हे सांगावयास नको की, माडावरून किंवा होडीच्या काठावरून पाय निसटला, तर धडधाकट मनुष्य क्षणात अंथरुणास खिळतो. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस जबर इजा झाली म्हणजे त्याखालील अंगाची हालचाल व संवेदना जाते. आणि पुष्कळदा ती परत येत नाही. मग कोणी त्यास पापाची शिक्षा म्हणतो, तर कोणी विश्वास उणा पडला म्हणून दोष देतो. असे बोल ज्यांच्या कानी पडले आहेत, त्यांनी डॉक्टर मेरी वर्गीस यांचे चरित्र अवश्य ऐकावे.

मेरीबाईंचा जन्म इ. स. १९२५ साली कोचीन येथील एका प्रतिष्ठित ख्रिस्ती घराण्यात झाला. डॉक्टर आयडा स्कडर यांनी स्थापिलेल्या वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. स्त्रियांच्या रोगांवर उपचार करावे, असा त्यांचा मानस होता. परंतु १९५४ च्या जानेवारीत सोबतच्या डॉक्टरांसह सहलीस जात असता त्यांची मोटार उलटली. चेहऱ्यास मोठी जखम झाली, कण्यास इजा पोहोचली, आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले.

त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या, तरी पाय परत आले नाहीत. मग त्या प्रार्थनांचे उत्तर कोठे मिळाले? ते त्यांच्या हातांत मिळाले. वेल्लोर येथेच डॉक्टर पॉल ब्रँड हे कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करीत असत. चांगल्या स्नायूची दोरी वळवून ती लुळ्या बोटास जोडावयाची, असे ते काम. हे काम बसून करता येते, हे ओळखून त्यांनी मेरीबाईंस त्यात घेतले. ज्यांस लोकांनी दाराबाहेर घातले होते, त्यांचे हात आता चाकांच्या खुर्चीत बसलेली एक बाई सरळ करू लागली. आपल्यासारखेच व्यंग सोसणारी ही डॉक्टरीण पाहून कितीकांस धीर आला असेल!

पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे राहून स्वतःचे व्यवहार स्वतः कसे करावे, हे त्या शिकल्या. नंतर अमेरिकेत न्यूयॉर्क येथे डॉक्टर हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत अपंगांच्या पुनर्वसनाच्या शास्त्राचा त्यांनी अभ्यास केला. १९६३ साली वेल्लोर येथील त्या विभागाचा भार त्यांच्याकडे आला, आणि १९६६ साली जवळच बागायम येथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. तेथे लुळ्या पडलेल्या माणसांस उठणे, बसणे, खुर्ची चालविणे व उद्योग करणे शिकविले जाऊ लागले. १९७२ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. १९८६ साली त्या प्रभूच्या घरी गेल्या.

बंधुभगिनींनो, ह्यातून आपण काय घ्यावे? कोणी उंचावरून पडल्यास त्यास हातपाय धरून उचलू नये. मान व पाठ न वळविता सपाट फळीवर घालून इस्पितळात न्यावे. बधिर अंगास जखम झालेली कळत नाही, म्हणून अंथरुणावर त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली सरकारी पुनर्वसन संस्था आहे, तेथे चौकशी करावी.

आणि प्रार्थना जरूर करावी. परंतु पाय चालले नाहीत म्हणून ती व्यर्थ गेली असे म्हणू नये. पौलाच्या देहातील काटाही निघाला नव्हता. कफर्णहूम येथे चौघांनी छप्पर उकलून पक्षघाती मनुष्यास प्रभूपुढे सोडले. आपल्या मंडळीतील असा मनुष्य घराच्या कोपऱ्यात पडला असेल, तर येत्या रविवारी त्यास उपासनेस उचलून आणणारे चौघे आपल्यात आहेत काय? आणि तो आल्यावर त्याच्या हातांस कोणते काम द्यावे, हेही त्याच दिवशी मंडळीने ठरवावे.