आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (जन्म : ३१ मार्च १८६५, मृत्यू : पुणे, २६ फेब्रुवारी १८८७) या अमेरिकेत जाऊन पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला होत. १८८६ साली त्यांनी फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेतून एम.डी. ही पदवी घेतली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली यांनी कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले; त्यामुळे आधुनिक वैद्यकातील पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून या दोघींची नावे सोबतच घेतली जातात. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या काळात आनंदीबाई परदेशी गेल्या, परंतु धर्म, आहार आणि वेश यांबाबत त्या अखेरपर्यंत परंपरानिष्ठ राहिल्या. अमेरिकेत स्वदेशातील रूढींचे जाहीर समर्थन करण्यासही त्या कचरल्या नाहीत. त्यांच्या चरित्राचा हा भाग तुलनेने कमी परिचित आहे.

जन्म, विवाह आणि शिक्षण

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे जमीनदार होते. मात्र यमुनाच्या बालपणी घराची आर्थिक स्थिती उतरणीला लागलेली होती. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, यमुनेचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव विनायक जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. विवाहानंतर यमुनेचे नाव आनंदी ठेवण्यात आले.

पत्नीला शिकवायचेच, असा गोपाळरावांचा निर्धार होता. त्यासाठी ते आग्रही होते, तसेच कठोरही होते. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी लहान वयात सोसलेल्या माराची आणि सोडून जाण्याच्या धमक्यांची आठवण करून दिली आहे. हिंदू पत्नीला पतीपुढे बोलण्याचा अधिकार नसतो, म्हणून आपण ते मुकाट्याने सोसले, असा त्या पत्राचा आशय आहे. त्याच पत्रव्यवहारात, आपण जे काही झालो ते पतीमुळेच, अशी कृतज्ञताही त्या व्यक्त करतात. या दोन्ही भावना त्यांच्या मनात शेवटपर्यंत एकत्र नांदल्या.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, असे त्यांना वाटत राहिले. वैद्यकशास्त्र शिकण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होते. पुरुष डॉक्टरांपुढे संकोचामुळे दुखणे लपवणाऱ्या असंख्य स्त्रियांची अवस्थाही त्यांनी जवळून पाहिली होती.

कोल्हापूर आणि अमेरिकेशी पत्रव्यवहार

गोपाळरावांच्या बदल्यांमुळे या दांपत्याचा मुक्काम अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि सेरामपूर असा हलत राहिला. त्यांपैकी कोल्हापूरचे वास्तव्य निर्णायक ठरले. कोल्हापुरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम चालत असे. पत्नीला अमेरिकेत शिकवण्याची इच्छा व्यक्त करणारे पत्र गोपाळरावांनी १८७८ मध्ये तेथील मिशनरींमार्फत पाठवले. पूर्वी कोल्हापुरात दीर्घकाळ काम केलेले रॉयल वाइल्डर हे तेव्हा अमेरिकेत प्रिन्स्टन येथून एक मिशनरी नियतकालिक चालवत होते. गोपाळरावांचे पत्र आणि त्यावरील वाइल्डर यांचे उत्तर त्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या दांपत्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, असा उत्तराचा रोख होता. धर्मांतराच्या अटीवर मदत घेण्यास जोशी दांपत्य तयार झाले नाही आणि ती वाट तेथेच खुंटली.

तथापि ते छापील पत्र वाया गेले नाही. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे वाट पाहत असताना तो अंक चाळला. त्यांनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र लिहिले. पत्रांतून वाढलेल्या स्नेहामुळे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

सेरामपूरचे भाषण

आनंदीबाई अमेरिकेला जाणार ही बातमी पसरताच टीकेला सुरुवात झाली. सनातनी मंडळींनी बहिष्काराची भीती घातली, तर त्यांच्या हितचिंतक मिशनऱ्यांना त्या ख्रिस्ती होऊन परततील अशी आशा वाटत होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण करून दोन्ही बाजूंना उत्तर दिले. अमेरिकेतच का, एकटीने का, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, आणि आजवर कोणत्याही स्त्रीने जे केले नाही ते आपणच का करावे, अशा लोकांकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांचा त्यांनी क्रमाने परामर्श घेतला.

हिंदुस्थानात हिंदू स्त्री डॉक्टरांची निकड आहे, हा त्यांच्या भाषणाचा मुख्य मुद्दा होता. पतीबरोबर रस्त्याने चालताना किंवा शाळेत जाताना झालेल्या टवाळीचाही त्यांनी उल्लेख केला. हिंदू म्हणून आपण जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, असे त्यांनी जाहीर केले. आचार आणि आहार बदलणार नसल्यास जातीने बहिष्कार का घालावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंपरा मोडल्याचा आरोप त्यांनी परंपरेच्याच आधाराने परतवला.

अमेरिकेतील वास्तव्य

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई मिशनरी महिलांच्या सोबतीने कलकत्त्याहून निघाल्या. पती किंवा आप्त बरोबर नव्हते. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथे कार्पेंटरबाई त्यांना घेण्यास आल्या होत्या. रोझेल येथे काही महिने त्यांच्या कुटुंबात राहून त्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकशास्त्र शिकवणाऱ्या जगातील आरंभीच्या संस्थांपैकी एक होती. अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांनी त्यांना आपुलकीने वागवले आणि शिष्यवृत्तीही मिळवून दिली. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली या तेथील विद्यार्थिनींसमवेत काढलेले, तिघीही आपापल्या देशाच्या वेशात असलेले त्यांचे छायाचित्र आज जगभर परिचित आहे.

आनंदीबाईंनी अमेरिकेत साडी, कुंकू आणि शाकाहार सोडला नाही. थंडीत पाय उघडे पडत म्हणून त्यांनी नऊवारी नेसण्याऐवजी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. वेशातील तडजोड एवढीच. स्वयंपाक स्वतः करणे, अपुरा आहार, कडाक्याची थंडी आणि अभ्यासाचा ताण यांमुळे त्यांची मुळातली नाजूक प्रकृती ढासळत गेली.

अमेरिकन समाज आणि हिंदू रूढी यांविषयीची भूमिका

त्या काळातील अमेरिकेला हिंदू स्त्रीची ओळख मुख्यतः मिशनरी साहित्यातून झालेली होती. बालविवाह, वैधव्य आणि अज्ञान यांची वर्णने चर्चच्या महिला मंडळांपुढे वाचली जात आणि त्यावर मिशनच्या कार्यासाठी निधी जमा होई. आनंदीबाईंना ही चित्रणे एकांगी आणि अपमानकारक वाटत. यजमानांचे प्रेम त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले, मात्र धर्मप्रसाराचा उत्साह आणि परधर्माविषयीची तुच्छता त्यांना खटकत असे.

मिशनकार्याशी संबंधित महिलांच्या एका सभेत त्यांना बालविवाह या विषयावर बोलण्यास सांगण्यात आले. स्वतः बालवधू असलेली, चौदाव्या वर्षी मूल गमावलेली ही विद्यार्थिनी त्या प्रथेचा धिक्कार करील, अशी श्रोत्यांची अपेक्षा होती. आनंदीबाईंनी प्रथेचे समर्थन केले आणि सभा चकित झाली. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध टिपणे प्रसिद्ध करून भारतात मोठा वाद उभा केला आणि त्याच वर्षी रखमाबाईंचा खटला मुंबईच्या न्यायालयात दाखल झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या भूमिकेचे वजन कळते. मायदेशी ज्या प्रश्नावर समाज दुभंगत होता, त्या प्रश्नावर परक्यांच्या सभेत आनंदीबाई परंपरेच्या बाजूने उभ्या राहिल्या.

या भूमिकेचा अर्थ अभ्यासकांनी निरनिराळ्या प्रकारे लावला आहे. परक्या भूमीवर स्वदेशाची बाजू सावरण्याची ती गरज होती, असे एक मत आहे. पतीच्या विचारांचा तो ठसा होता, असे दुसरे. पतीला खाजगी पत्रात मारहाणीची आठवण देणारी आणि जाहीर सभेत विवाहसंस्थेची बाजू मांडणारी स्त्री एकच होती, हे मात्र दोन्ही मतांना लक्षात घ्यावे लागते.

आनंदीबाईंच्या नात्यातील पंडिता रमाबाई यांच्याशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःस्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहून त्यांनी अमेरिकन जनतेकडे साहाय्य मागितले. त्या ग्रंथाला बॉडली यांचीच प्रस्तावना आहे. पुढे १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या मराठी पुस्तकात त्यांनी अमेरिकन स्त्रियांच्या संघटनांचा गौरव केला. एकाच देशाकडे पाहणाऱ्या या दोन मराठी स्त्रियांची वाट अशी वेगळी होती. परस्परांविषयीचा स्नेह मात्र अबाधित राहिला.

गोपाळरावांची व्याख्याने

गोपाळराव १८८५ मध्ये अमेरिकेत दाखल झाले. तेथे त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने देऊन पाश्चात्त्य संस्कृती आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यावर कडक टीका केली आणि हिंदू आचारांचे मंडन केले. पत्नीला वैद्यक शिकवण्यासाठी साता समुद्रापार धाडणारे गोपाळराव व्यासपीठावर मात्र स्त्रियांच्या स्वातंत्र्याविषयी प्रतिकूल बोलत. ज्यांच्या साहाय्यावर आनंदीबाईंचे शिक्षण चालले होते त्यांनाच हे बोल लागत, त्यामुळे आनंदीबाईंची कुचंबणा होई. गोपाळरावांचा हा विक्षिप्तपणा पुढेही टिकला. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतलेल्या प्रतिष्ठितांची नावे उघड होऊन जे ग्रामण्य माजले, त्यामागे तेच होते. काही काळ त्यांनी ख्रिस्ती धर्मही स्वीकारला आणि नंतर सोडला.

पदवी

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी प्रदान झाली. समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. राणी व्हिक्टोरिया यांच्याकडूनही अभिनंदनाचा संदेश आला. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. आधुनिक वैद्यकाच्या पदवीसाठी त्यांनी प्राचीन भारतीय परंपरेतला विषय निवडला, हे त्यांच्या एकूण वृत्तीशी सुसंगतच होते.

कोल्हापूरची नियुक्ती आणि मृत्यू

आनंदीबाई अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी नेमले. हे रुग्णालय म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय होय. ज्या नगरीतून अमेरिकेला पहिले पत्र गेले होते, तेथेच डॉक्टर म्हणून परतण्याचा योग जुळून आला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या पतीसह अमेरिकेहून निघाल्या आणि १६ नोव्हेंबरला मुंबईस पोहोचल्या. तेव्हा क्षयाने त्यांना पुरते ग्रासलेले होते. कोल्हापूरला रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर उरला होता.

परदेशगमन केलेल्या स्त्रीचे अंत्यसंस्कार करण्यास पुरोहित नकार देतील, ही आप्तांची भीती खरी ठरली नाही. त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या पुरण्यात आल्या असून तेथे स्मृतिशिला आहे.

चरित्रे आणि स्मृती

कॅरोलिन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ मध्ये आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्यानंतर काशीबाई कानिटकर यांनी मराठी चरित्र सिद्ध केले. स्त्रीने लिहिलेल्या आरंभीच्या मराठी चरित्रांत त्याची गणना होते. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ मध्ये प्रकाशित झाली आणि तिच्यामुळे ही कथा घरोघरी पोहोचली. अंजली कीर्तने यांनी संशोधनपर चरित्र लिहिले, तर मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या पत्रांचा अभ्यास केला. २०१९ मध्ये समीर विद्वांस यांनी ‘आनंदी गोपाळ’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे नाव देण्यात आले आहे.

मूल्यमापन

आनंदीबाईंना वैद्यकीय व्यवसाय करण्याची संधी मिळाली नाही. त्यांचे महत्त्व त्यांनी घालून दिलेल्या उदाहरणात आहे. सुधारकांनी त्यांच्यात स्त्रीशिक्षणाचा विजय पाहिला, तर परंपराभिमान्यांनी परदेशी राहूनही न ढळलेली धर्मनिष्ठा पाहिली. दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीचा भाग उचलता आला, कारण दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी खऱ्या होत्या. बालविवाहाचे त्यांनी केलेले समर्थन पुढील काळाने नाकारले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने विवाहित मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले आणि १९२९ च्या शारदा कायद्याने बालविवाहासच प्रतिबंध केला. त्या प्रथेची सर्वांत जड किंमत आनंदीबाईंनी स्वतः मोजली होती. तरीही कोणाचे साहाय्य घेताना आपली मते गहाण ठेवायची नाहीत, हा त्यांचा बाणा एकोणिसाव्या शतकातील भारतीय स्त्रीच्या इतिहासात विशेष मानला जातो.